उखळातली चिमूट

३ मार्च २०२५, सोमवार

ही डायरी पतसंस्थेनं फुकट दिलेली. दोन महिने मिरचीच्या पोत्यावर पडून होती. आज सुनेनं, शिवांजलीनं, झटकून हातात दिली. म्हणाली, "आत्या, रोज चार ओळी लिवा. हात सुटंल."

मी पाचवी शिकले. सहावीच्या वर्गात चार दिवस बसले, पाचव्या दिवशी रानात भांगलणीला गेले ती गेलेच. वाचता येतं, लिहिता येतं, पण हळू. आणि हळू काम मला सोसत नाही.

कुंडलला माझा मसाल्याचा डंक आहे. पंचवीस वर्षं झाली. बायका मिरची, धने, खोबरं भाजून आणतात, मी मशीनवर कुटून देते. शिवांजली पलूसला क्लासात कॉम्प्युटर शिकवते. तिनं मला मोबाइलवर ब्लॉग काढून दिलाय, 'शालूबाईचा डंक' नावाचा. त्यात मी लिहिते. लिहिते कसली, फोनपुढं बोलते आणि फोन लिहून घेतो. तीन लेख झाले. मिरची कशी निवडायची, खोबरं किती भाजायचं, मसाल्याला जाळी का धरते. वाचणारी अकरा माणसं, त्यातली चार घरची. मुलगा वीरधवल फौजेत आहे, त्याला तिकडं रेंज आली की तो वाचतो, तो धरून चार.

शिवांजलीनं पहिल्याच दिवशी नियम सांगितला. "दुसऱ्याचं काय घेतलं तर खाली त्याचं नाव लिवायचं."

मी म्हणाले, "मी काय चोर हाय व्हय?"

"तसं न्हाई ओ. नियम हाय म्हणून सांगितलं."

मला राग आला होता. अजून थोडा आहे.

७ मार्च, शुक्रवार

डंकावर वाजलं आज. सरपंचाची भावजय आपली पाळी यायची वाट बघत होती. शेजारी एका म्हातारीचा कुटलेला मसाला परातीत निवत होता. हिनं बोट बुडवून चाटलं आणि मग मूठ भरून आपल्या डब्यात टाकली. मी मशीन बंद केलं.

"ठेव."

"आवं चिमूटभर तर हाय. रंग चांगला हाय म्हणून घेतला."

"चिमूट आसू दे न्हाईतर पोतं आसू दे. तिचं ते तिचं."

"सोनं हाय का काय त्ये?"

"सोनं पायजे तर विट्याच्या सोनारांकडं जा. इथं मसाला हाय. ठेव."

ठेवला. तोंड वाकडं करून ठेवला. तिची पाळी मी शेवटाला लावली.

माझ्या डंकावर एकीचं कुटून झालं की मी कुंच्यानं उखळ झाडते. कडेला, मुसळाच्या बुडाला चिकटलेलं असतं ते सगळं काढून तिच्याच डब्यात टाकते, मग दुसरीचं घालते. बाकीचे डंकवाले झाडत नाहीत. दिवसभर चिकटलेलं संध्याकाळी स्वतःच्या घरी नेतात, वर्षाचा मसाला फुकट होतो. मी एक चिमूट नेली नाही. हे मी देवापुढं पण सांगीन.

सांगलीची मेहरुनबी यंदा अजून आली नाही. दरसाल मिरची सुरू झाली की पहिल्या आठवड्यात पहिली बस धरून हजर, काखेत तो मोराचं चित्र असलेला पत्र्याचा डबा. सांगलीतच कुणाच्या डंकावर गेली असेल. गेली तर गेली, मी काय निरोप धाडणार नाही.

११ मार्च, मंगळवार

चौथा लेख टाकला, दगडफुलावर. नऊ जणांनी वाचला. म्हणजे दोन घटले.

शिवांजली म्हणाली, "माहिती चांगली हाय आत्या, पण मनातलं लिवा. लोकांना त्ये आवडतं."

मनातलं काय लिहू? माझ्या मनात मिरची आहे.

दुपारी सुगरणींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मजकूर आला. कुणीतरी पुढं ढकललेला. खाली नाव होतं, आसिया, सांगली. त्याच्या खाली निळ्या अक्षरात 'पुढे वाचा'. मी पुढचं काय दाबलं नाही, गिऱ्हाईक उभं होतं. जेवढं होतं तेवढंच वाचलं. बोट ठेवून तीनदा वाचलं. तिची अम्मी वारली, आणि अम्मीनं केलेला शेवटचा मसाला डब्यात चार बोटं उरलाय. ही तो वापरत नाही. सणाला झाकण उघडते, वास घेते आणि परत लावते. "वास कमी होत चाललाय. अम्मी जूनमध्ये गेली असं सगळे म्हणतात. मला वाटतं ती अजून जाते आहे, डब्यातून, थोडी थोडी."

मिरचीनं डोळ्याला पाणी येतं त्याची मला सवय आहे. हे तसलं नव्हतं.

१३ मार्च, गुरुवार, होळी

काल एक काम केलं. लिहून टाकते म्हणजे डोक्यातून जाईल.

आसियाचा मजकूर बघून बघून फोनपुढं बोलले. अम्मी होतं तिथं आई म्हणाले. पत्र्याचा डबा होता तो स्टीलचा केला. सांगलीचं कुंडल केलं. खालचं नाव सोडून दिलं. आणि ब्लॉगवर टाकलं.

त्यात काय एवढं. पुरणपोळी कुणाची? एकीनं दुसरीला शिकवली, दुसरीनं तिसरीला. माझ्या सासूनं मला मसाला शिकवला तेव्हा खाली नाव लिहून दिलं नव्हतं. ग्रुपवर आलेलं म्हणजे पारावर ठेवलेल्यासारखंच की. आणि आई सगळ्यांनाच असते.

माझी आहे. कोयनानगरला भावाकडं असते, ठणठणीत आहे. पण लेखात ती वारली. तिथं दुसरं काय करायला येत नव्हतं, सगळा लेखच त्यावर उभा होता.

शिवांजलीनं वाचलं आणि माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, "आत्या, ह्ये तुमी लिवलं?"

"मग काय तू लिवलंस?" म्हणाले मी.

तिनं वाकून नमस्कार केला. लग्नानंतर पहिल्यांदा कुणी सांगितल्याशिवाय केला.

१६ मार्च, रविवार

चार हजार माणसं. शिवांजलीनं दोनदा मोजून दाखवलं. खाली लोकांनी रडकी तोंडं पाठवलीत. पुण्याची एक बाई म्हणते, तुमच्यामुळं मी आज आईला फोन केला.

दुपारी साताऱ्याहून फोन. अंकिता नाव. जे लोक घरातलं, गावातलं मोबाइलवर लिहितात त्यांचा मेळावा भरवतेय, ५ एप्रिलला. मी तो लेख वाचून दाखवायचा आणि माझा सत्कार. "मावशी, तुम्ही आमच्या मेळाव्याचं आकर्षण आहात," म्हणाली.

आमचे हे, हंबीरराव, रिटायर्ड हवालदार. आयुष्यात माझं कौतुक केलं नाही. आज म्हणाले, "गाडी करून जाऊ. बसनं नको." मग उसात पाणी पाजायला गेले, जाताना शीळ घालत होते.

मला आनंद व्हायला पाहिजे. झालाय पण. असं लिहिलं तर खोटं नाही.

१८ मार्च, मंगळवार

आईचा फोन. तिचं नाव हरणाबाई, वय ऐंशीच्या पुढं, आवाज डंकापेक्षा मोठा.

"शाले, मी कवा मेले गं?"

मी फोन कानापासून जरा लांब धरला.

"तुझ्या भावाच्या पोरानं वाचून दावलं. म्हातारी ऐकत बसली हाय आन् त्यात म्हातारीच मेलेली. तेराव्याला काय केलं व्हतंस? मला कळवायचं तरी, जेवून गेले आसते."

"आई, लेखात तसं लिवावं लागतं."

"आन् त्यो डब्याचा मसाला? मी कवा तुला मसाला धाडला? तूच मला धाडतीस की."

"त्ये बी लेखातलंच."

ती म्हणाली, "मग त्यात तुझं काय हाय गं?"

मी म्हणाले रेंज जातेय. रेंज चांगली होती.

२२ मार्च, शनिवार

लेखाच्या खाली एक उत्तर आलं. "शालूमावशी, हे मी लिहिलंय, माझ्या अम्मीबद्दल. तुम्ही पुढचं वाचलं नाहीत का? – आसिया."

बोट ठेवून दोनदा वाचलं. मग राग आला. मला मावशी म्हणायला ही कोण लागून गेली? आणि पुढचं म्हणजे काय, असेल काहीतरी जाहिरात, मसाला विकत घ्या म्हणून.

ते उत्तर कसं पुसायचं ते मी स्वतः शोधून काढलं. ब्लॉगवर काय पण करायचं तर शिवांजलीला हाक मारते. हे मात्र एकटीनं केलं. बोट दाबून धरलं की विचारतं, काढून टाकू का? हो म्हणायचं.

२३ मार्च

परत आलं. परत पुसलं.

२५ मार्च, मंगळवार

आता तिनं सगळ्यांपुढं न लिहिता माझ्या एकटीच्या फोनावर पाठवलंय. इथं उतरून ठेवते, कारण दुसरीकडं ठेवायला जागा नाही.

"मावशी, नाव द्यायचं नसेल तर नका देऊ. मी भांडणार नाही. पण आई लिहिलंय तिथं अम्मी करा. ती अम्मी होती. आणि डबा स्टीलचा नव्हता."

शिव्या दिल्या असत्या तर मी परत दिल्या असत्या. मला शिव्या येतात.

मी उत्तर पाठवलं नाही. अंकितानं पत्रिका पाठवली आहे, माझा फोटो डोक्यावर पदर घेतलेला. शिवांजलीनं तो क्लासातल्या सगळ्यांना दाखवला. आता काय करू? नाव लिहिलं तर सुनेपुढं खोटी पडते, नवऱ्यापुढं पडते, डंकावर पडते. ज्या बाईनं मुठीसाठी मशीन बंद केलं ती हीच, असं म्हणतील. माझ्याकडं दुसरं काय आहे? डंक दुसऱ्यांकडं पण आहेत. माझ्याकडं बायका येतात त्या मी झाडून देते म्हणून.

पाच तारखेपर्यंत गप्प बसायचं. मग लोक विसरतील.

२९ मार्च, शनिवार

उद्या पाडवा. डंकावर आठ-नऊ बायका, सगळ्यांना आजच पाहिजे. मशीनच्या आवाजात कुणीतरी दारात उभं राहिलं. आई होती. एकटी एसटीनं आली होती, कोयनेहून निघून, कराडला गाडी बदलून. हातात पिशवी.

सरपंचाची भावजय तिथंच होती. ती म्हणाली, "शालूबाई, ह्या कोण? चेहरा तुमच्यावानीच हाय." आणि मग आईला म्हणाली, "आजी, शालूबाईंच्या आईचं वाचलं आमी. लय रडलो. तुमी त्यांच्या कोण?"

सगळ्या बायका आईकडं बघायला लागल्या. माझ्या हातात परात होती. मी बोलायला पाहिजे होतं. अजून पण वाटतं, तिथं एकच शब्द लागत होता.

आईनं माझ्याकडं बघितलं. एवढंसंच. मग पदर सारखा केला आणि म्हणाली, "मी तिची मावशी हाय. हिची आई गेली. लय चांगली व्हती."

बायका हळहळल्या. एकीनं तिला बसायला पोतं दिलं. आई पोत्यावर बसली आणि स्वतःच्या मरणाबद्दल विचारणाऱ्या सगळ्यांना उत्तरं देत राहिली. काय आजार? म्हातारपण. त्रास झाला का? न्हाई, झोपेतच.

मी मशीन चालू केलं, आवाज व्हावा म्हणून.

घरी आल्यावर आईला भाकरी वाढली. तिनं अर्धीच खाल्ली. मी म्हणाले, "आई, तसं कशाला म्हणालीस?"

"मग काय म्हणायचं व्हतं? माझी लेक खोटं बोलली आसं?"

एवढंच बोलली. पाणी प्याली, ताट स्वतः उचललं आणि नळाखाली धुतलं. माझ्या घरात तिनं कधी ताट धुतलं नव्हतं.

३१ मार्च, सोमवार

आई सकाळी गेली. जाताना म्हणाली, "तुमच्या गावच्या यात्रंला येऊ, का मेलेलीच ऱ्हाऊ?" हसून म्हणाली. मला हसू आलं नाही.

शिवांजलीला आज ईदची सुट्टी. ती ज्वारी निवडत होती. मी तिच्यापुढं बसले आणि सांगितलं. सगळं, पुसलेलं पण. आसियानं पाठवलेलं दाखवलं.

ती ओरडली नाही. सुपातले खडे बाजूला काढत राहिली. मग म्हणाली, "मी नमस्कार केला तवा तरी सांगायचं."

"व्हय."

"वीरधवलनं त्यांच्या सगळ्या पलटणीला वाचून दावलाय."

"व्हय."

"ही पोरगी म्हणती, पुढचं वाचलं न्हाई का. पुढं काय हाय?"

"म्या न्हाई दाबलं."

तिनं सूप ठेवलं, फोन घेतला आणि ते निळं 'पुढे वाचा' दाबलं. आसियाचा पूर्ण लेख उघडला. सप्टेंबरातला होता. शिवांजली मोठ्यानं वाचायला लागली. मी आता तिच्याकडून लिहून घेतलंय, तसंच्या तसं इथं उतरते. एक अक्षर बदलत नाही.

"अम्मीचं माहेर कुंडल. सांगलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशीच डंक होता, तरी ती दरसाल पहिली बस धरून कुंडलला जायची. मोराच्या डब्यासकट. तिथं शालूबाईंचा डंक. बाई तोंडानं फटकळ. दोन बायका आपसात बोलायला लागल्या तर मशीनच्या वर आवाज काढून गप्प करणार. सगळ्या बायका आपापल्या मसाल्यावर डोळा ठेवून उभ्या असायच्या, आणि अम्मी मात्र मशीनकडं पाठ करून उंबऱ्यावर पान खात बसायची. मी लहान असताना एकदा विचारलं, तू बघत का नाहीस? म्हणाली, शालूकडं बघावं लागत नाही. शेवटी कुंच्यानं उखळ झाडून चिमूटभर उरलेलं डब्यात टाकताना शालूबाई म्हणायच्या, तुझं तुला. हा मसाला अम्मीचा, पण तो शालूबाईंच्या हातूनही आलाय. म्हणून इथं दोघींची नावं लिहून ठेवते. मेहरुनबी, सांगली. शालूबाई, कुंडल."

शिवांजली वाचायची थांबली. म्हणाली, "आत्या, ह्ये तुमी हाय."

मी उठून परसात गेले. तिथं काय काम नव्हतं.

१ एप्रिल

मेहरुनभाभी जूनमध्येच वारली. मी मार्चमध्ये म्हणत होते, गेली तर गेली.

तो डबा मीच भरलेला. मी तिच्या डब्याला माझ्या आईचा डबा म्हणाले, आणि आसियानं माझं नाव जिथं लिहिलं होतं तेवढंच मी वाचलं नाही.

२ एप्रिल, बुधवार

सकाळी आसियाला फोन लावला.

"मी शालूबाई."

तिकडं भांडं ठेवल्याचा आवाज झाला. "बोला मावशी."

"भाभी गेल्या, मला कळलं न्हाई गं."

"अम्मीच्या फोनात तुमचा नंबर आहे. 'डंक' म्हणून. मी लावला नाही. म्हटलं मार्चमध्ये मीच मसाल्याला जाईन, तेव्हा समोर सांगेन."

"मग आली न्हाईस ती?" माझ्या तोंडातून निघून गेलं. मला विचार करून बोलायची सवय नाही.

ती म्हणाली, "कशी येणार?"

मला वाटलं आता फोन ठेवेल. ठेवला नाही. मी म्हणाले, "पोरी, चूक न्हाई झाली. चूक म्हणजे मिठाऐवजी साखर पडली तर. मी बघून, बदलून घेतलं. चोरीच ती. आजच काढून टाकते."

"काढू नका. एवढ्या लोकांनी वाचलंय. नुसतं काढलंत तर त्यांच्या डोक्यात ती तुमचीच आई राहणार."

"मग तू साताऱ्याला ये. तू वाच. सत्कार तुझा."

"मी नाही येणार. मला नाही बघायचं ते." मग म्हणाली, "तुम्हीच वाचा. पण पूर्ण वाचा. मधलं गाळू नका."

"ज्यात माझं नाव हाय, त्ये बी?"

"तेच तर."

मी आजवर कुणाच्या तडाख्यात सापडले नव्हते. ह्या पोरीनं आवाज न चढवता धरलं.

ब्लॉगवर शिवांजलीकडून सगळं नीट करून घेतलं. अम्मी, पत्र्याचा डबा, सांगली, तिचं नाव, तिच्या ब्लॉगचा पत्ता. वर मी लिहिलं, हा लेख आसियाचा आहे, मी चोरून माझ्या नावावर टाकला होता. शिवांजली म्हणाली, "चोरून लिवायलाच पायजे का? 'अनवधानानं' असं बी लिवत्यात लोक." मी विचारलं अनवधान म्हणजे काय. तिनं सांगितलं. मी म्हणाले, मग नाही, चोरूनच लिही.

५ एप्रिल, शनिवार

साताऱ्याला बसनंच गेलो, मी आणि शिवांजली. ह्यांना सांगितलं तेव्हा ह्यांनी इस्त्री केलेला सदरा परत कपाटात ठेवला.

हॉलात दोनशे तरी माणसं. अंकिता हसत आली, मला खुर्ची दिली. मी उभ्यानंच सांगितलं. तिचं हसू हळूहळू गेलं.

"मावशी, पत्रिका वाटून झाल्यात. पाहुणे आलेत. असं करूया, मी म्हणते की आसियाताईंच्या लेखावरून तुम्हाला प्रेरणा मिळाली. ते खोटं पण नाही."

"बाई, परातीतनं मूठ मारली तर तिला प्रेरणा म्हणत न्हाईत."

"मग सत्काराचं काय करू?"

"शाल माघारी ठेव. नारळ फोडून वाट सगळ्यांना. पण मला वाचू दे. वाचायचं हाय मला."

ती तयार झाली. खूष होऊन झाली नाही.

मी माईकपुढं गेले. आधी म्हणाले, "हे माझं न्हाई. सांगलीच्या आसियाचं हाय, तिच्या अम्मीवर, मेहरुनबींवर. मी चोरलं व्हतं. माझी आई हाय, कोयनानगरला. आता ह्या वक्ताला भाकऱ्या थापत आसंल." मागं कुणीतरी हसलं आणि मग हसायचं बंद झालं.

कागदावर बोट ठेवून वाचलं. मला वेळ लागतो. दोनशे माणसांपुढं फार लागतो. अम्मी म्हणताना अडखळले नाही. 'शालूकडं बघावं लागत नाही' तिथं अडखळले. शब्द ओळखीचे होते, तोंडातून निघत नव्हते. शिवांजली पहिल्या रांगेत मान खाली घालून बसली होती. मी परत पहिल्यापासून तो परिच्छेद घेतला, कारण मधलं गाळू नका असं सांगितलेलं. 'दोघींची नावं लिहून ठेवते' म्हटल्यावर काही जणांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं असेल, चांगला शेवट केलाय.

मी म्हणाले, "टाळ्या नको. ज्या बाईचं लिवलंय, ती ही न्हाई."

खाली उतरले तेव्हा वाट सोडायला लोक जरा जास्तच बाजूला झाले. येताना बसमध्ये शिवांजलीनं खिडकीची जागा मला दिली. उंब्रज गेल्यावर पिशवीतून डबा काढला, चटणी-भाकरी होती, अर्धी माझ्या हातात ठेवली.

आईला फोन केला. म्हणाली, "झाले का मी जित्ती?"

"झालीस."

"मग यात्रंला येते. मटणाचा मसाला जरा तिखट कर."

८ एप्रिल, मंगळवार

डंकावर सरपंचाची भावजय आली. सगळ्यांपुढं डबा आपटला आणि म्हणाली, "काय शालूबाई, चिमूट व्हती का पोतं?"

मला तोंड आहे हे सगळ्या गावाला माहीत आहे. आज नव्हतं.

"पोतं," म्हणाले, आणि तिची मिरची घेतली. पाळी तिचीच होती.

१२ एप्रिल, शनिवार

पहिल्या बसनं आसिया आली. मी ओळखलं नसतं, मोराचा डबा ओळखला. पंचविशीतली, चष्मा, भाभीसारखंच कपाळ. दुसऱ्या हातात भाजलेल्या जिन्नसांची पिशवी.

"मावशी, अम्मीचं प्रमाण मला येत नाही नीट. धने कमी-जास्त झाले असतील."

मी हात घालून बघितले. धने कमी होते. "तुझी अम्मी ह्याच्या दीडपट घालायची," म्हणाले. दुकानातून मागवून भाजून घातले. डब्यात जुना चार बोटं मसाला होता, तो तिनं बरणीत काढून आणला होता. ती बरणी तिनं मला दाखवली, हातात दिली नाही. बरोबर केलं.

मी उंबऱ्यावर पाट मांडला. भाभीची जागा. म्हणाले, "बस. वेळ लागंल."

"नको," म्हणाली. "उभीच राहते."

मी मशीन चालू केलं. मुसळ वर-खाली व्हायला लागलं. तिनं मशीनला हात लागेल एवढ्या जवळ उभं राहून बघितलं. लाल धूळ उडत होती, चष्म्यावर बसत होती, ती चष्मा पुसायची आणि परत बघायची. सुरुवातीपासून शेवटापर्यंत. मधे मी पाणी दिलं, ते तिनं उखळावरची नजर न काढता प्यायलं.

झाल्यावर कुंचा घेतला. कडा झाडल्या, मुसळाचं बूड झाडलं, चिकटलेलं बोटानं खरवडून तिच्या डब्यात टाकलं. तुझं तुला, हे तोंडापर्यंत आलं होतं, ते तिथंच ठेवलं. ती पुढं वाकून उखळात बघत होती. मी कुंचा परत घेतला आणि दुसऱ्यांदा झाडलं.

तिनं झाकण लावलं. "येते मावशी," म्हणाली. परत कधी ते बोलली नाही.

पाट दिवसभर उंबऱ्यावर तसाच होता. येणाऱ्या बायका ओलांडून आत येत होत्या. मी उचलला नाही.